कोंबडं झाकलं की तांबडं फुटतंच? चौकशी करणाऱ्यालाच हटवल्याच्या प्रकरणांवर लिहिताना या चुका टाळा

गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासतो. 'सत्ताधाऱ्याने आपलीच चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला हटवणे आणि त्याचे राजकीय पडसाद' असा विषय दिला, की बहुतेक निबंध एकाच वाक्याने सुरू होतात: 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.' मग निक्सन, मग ट्रम्प, मग आलोक वर्मा, आणि शेवटी 'सत्यमेव जयते'. गठ्ठा संपेपर्यंत चहा निवतो आणि डोकं तापतं. पुढच्या बॅचला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

हटवलं म्हणजे अंगलट आलंच, हे गृहीत धरणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, त्यामुळे तिच्यावर जरा लांबण लागेल.

मध्यंतरी एका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. एक मुलगी बोलायला उभी राहिली. आवाज खणखणीत, हातवारे बेतशीर. म्हणाली, 'शनिवारी रात्री निक्सननं कॉक्सला हाकललं, आणि बघता बघता निक्सनलाच व्हाइट हाउस सोडून जावं लागलं!' टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी तिला गाठून विचारलं, 'बघता बघता म्हणजे किती गं?' ती म्हणाली, 'सर, आठवडाभरात ना?' कुठे वाचलंस म्हटलं, तर मोबाइलवर दीड मिनिटाची चित्रफीत पाहिली होती. दीड मिनिटात साडेनऊ महिने मावत नाहीत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

खरा क्रम असा. वॉटरगेट इमारतीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातली घरफोडी १७ जून १९७२ ची. त्यानंतर नोव्हेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकून पुन्हा निवडून आले. म्हणजे घरफोडी उघडकीला येऊनही मतदार ढिम्म होते. मे १९७३ मध्ये आर्चिबाल्ड कॉक्स या प्रकरणाच्या चौकशीसाठी विशेष अभियोक्ता झाले. जुलैत एका साक्षीत कळलं, की राष्ट्राध्यक्षांच्या दालनातलं बोलणं टेपवर उतरतं. कॉक्सनी टेप मागितल्या. निक्सननी तोडगा काढला, की टेप सिनेटर स्टेनिस ऐकतील आणि सारांश पडताळून देतील. हे स्टेनिस कानाने अधू. कॉक्स नाही म्हणाले.

मग आला २० ऑक्टोबर १९७३, शनिवार. निक्सननी कायदा खात्याचे प्रमुख इलियट रिचर्डसन यांना सांगितलं, कॉक्सना काढा. रिचर्डसननी राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि तेही गेले. तिसऱ्या क्रमांकावरच्या रॉबर्ट बोर्क यांनी आदेशावर सही केली. एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची माणसं कॉक्सच्या कार्यालयात जाऊन उभी राहिली.

आता इथे थांबा. मुलं इथून थेट राजीनाम्यावर उडी मारतात आणि माझी लाल शाई संपते. कॉक्स गेल्याने निक्सन गेले नाहीत. मधे काय काय घडावं लागलं? वॉशिंग्टनला निषेधाच्या तारांचा खच पडला. प्रतिनिधिगृहात महाभियोगाचे ठराव आले. दबावाखाली निक्सनना १ नोव्हेंबरला नवा अभियोक्ता नेमावा लागला, लिऑन जॉवर्स्की. आणि त्याला संसदेतल्या प्रमुख नेत्यांच्या संमतीविना काढणार नाही, ही हमी द्यावी लागली. जॉवर्स्कींनी आणखी टेप मागितल्या. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० ने सांगितलं, टेप द्या. ५ ऑगस्टला, चौकशी दडपायला निक्सननीच मान्यता दिल्याची घातक टेप बाहेर आली, ८ तारखेला निक्सननी दूरचित्रवाणीवर राजीनामा जाहीर केला, ९ ला गेले.

थोडक्यात, माणूस बदलला पण टेपची मागणी कायम राहिली, आणि टेप शाबूत राहिल्या. एका टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली तरी बाकीच्या पुरल्या. म्हणून मुलांना मी सांगतो, हकालपट्टीच्या दिवसावर पानं खर्चू नका. दोनच गोष्टी शोधा: रिकाम्या खुर्चीत पुढे कोण बसलं, आणि पुरावा कोणाच्या कपाटात राहिला.

याच दोन प्रश्नांनी मलेशिया बघा. तिथे १एमडीबी या सरकारी निधीतल्या घोटाळ्याची चौकशी चालू होती आणि पंतप्रधान नजीब रझाक यांच्या वैयक्तिक खात्यात ६८ कोटी डॉलर आल्याची बातमी फुटली होती. २८ जुलै २०१५ ला अ‍ॅटर्नी जनरल अब्दुल गनी पटैल यांना प्रकृतीचं कारण देऊन पदमुक्त केलं. त्याच दिवशी प्रश्न विचारणाऱ्या उपपंतप्रधानांनाही नारळ दिला. पुढच्या खुर्चीत बसलेल्या अ‍ॅटर्नी जनरलनी जानेवारी २०१६ मध्ये, ती रक्कम म्हणजे सौदी राजघराण्याची देणगी, असं सांगून फाइल बंद केली. झाकलेलं कोंबडं जवळपास तीन वर्षं झाकलेलंच राहिलं. मे २०१८ च्या निवडणुकीत १९५७ पासूनची सत्ता उलटली, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. नजीब दोषी ठरले तो दिवस २८ जुलै २०२०. पटैलना काढल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षं झाली होती. पैशांचा माग परदेशी बँकांमध्ये आणि अमेरिकेच्या न्याय खात्याकडे होता, तो नव्या अ‍ॅटर्नी जनरलच्या हाती नव्हता. मलेशियाचं उदाहरण निबंधात कोणी आणलं तर मी त्याला दोन गुण जास्त देतो, हे इथे सांगून टाकतो.

आणि काही वेळा काहीच होत नाही. २४ जानेवारी २०२५ च्या शुक्रवारी रात्री ट्रम्प यांनी सतराच्या आसपास महानिरीक्षक एका फटक्यात काढले. हे लोक राष्ट्राध्यक्षांची वैयक्तिक चौकशी करत नव्हते. खात्याखात्यांतले गैरप्रकार शोधणं हे त्यांचं काम. संसदेला ३० दिवस आधी कारणांसह कळवायचं, असा कायदा आहे. तसं कळवलं नव्हतं. काही दिवस आरडाओरडा झाला, प्रकरण कोर्टात गेलं, पण १९७३ सारखी उसळी आली नाही. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाकडे संसद असेल तर ओरडणार कोण? हे वाक्य निबंधात क्वचितच येतं, कारण म्हणीत ते बसत नाही.

निकालाच्या दिवशी गोष्ट संपवणं

आमच्याकडे मुलाखतीचा सराव असतो. पॅनेलवर एक निवृत्त पोलीस अधिकारी येतात. गोड बोलतात आणि सोलून काढतात. निफाडकडचा एक हुशार मुलगा समोर बसला होता. प्रश्न आला तपास यंत्रणांच्या स्वायत्ततेचा. मुलगा खुलला. म्हणाला, 'सर, सीबीआय संचालक आलोक वर्मांना सरकारनं रातोरात हटवलं, पण सर्वोच्च न्यायालयानं ८ जानेवारी २०१९ ला त्यांना परत खुर्चीत बसवलं. लोकशाहीचा विजय झाला.'

'छान. मग १० जानेवारीला काय झालं?'

मुलगा गप्प.

'बरं, ८ तारखेच्या निकालात त्यांना काय काय करायला मनाई होती?'

मुलगा शर्टाची बाही खालीवर करायला लागला. मग घाईघाईने म्हणाला, 'सर, ते पंतप्रधानांची चौकशी करणार होते म्हणून काढलं ना.'

'हे कुठल्या निकालात लिहिलंय, ते सांगा.'

यापुढचं सांगत नाही. बाहेर आल्यावर मुलाने पाणी मागितलं.

वर्मा प्रकरण नीट लावायचं तर असं लावा. संचालक वर्मा आणि विशेष संचालक राकेश अस्थाना यांच्यात जुंपली होती, दोघांचेही एकमेकांवर लाचखोरीचे आरोप. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीबीआयने अस्थानांवरच गुन्हा नोंदवला. २३ ऑक्टोबरच्या मध्यरात्री दोघांनाही सक्तीच्या रजेवर धाडलं आणि एम. नागेश्वर राव यांच्याकडे तात्पुरता कारभार दिला. सरकारचं म्हणणं, यंत्रणेतली यादवी थांबवायची होती. विरोधकांचा आरोप, राफेल खरेदीची तक्रार वर्मांच्या टेबलावर होती म्हणून हे केलं. तक्रार महिन्याच्या सुरुवातीला दिली गेली होती, हे खरं. पण तीच कारण होती, हे कुठल्या न्यायालयाने म्हटलेलं नाही. आरोप हा आरोप म्हणून लिहा. दोन शब्द जास्त लागतील, गुण जाणार नाहीत.

८ जानेवारीला न्यायालयाने रजेचा आदेश रद्द केला तो एका नेमक्या मुद्द्यावर: संचालकाला दोन वर्षांची मुदत असते, आणि निवड समितीच्या संमतीविना सरकार त्याला असं बाजूला सारू शकत नाही. पण त्याच निकालात, समिती आठवड्याभरात बसेल आणि तोवर वर्मांनी मोठे धोरणात्मक निर्णय घेऊ नयेत, असंही होतं. १० जानेवारीला समिती बसली: पंतप्रधान, सरन्यायाधीशांचे प्रतिनिधी म्हणून न्या. सिक्री, आणि विरोधकांतर्फे मल्लिकार्जुन खर्गे. २ विरुद्ध १ ने वर्मांची अग्निशमन, नागरी संरक्षण आणि गृहरक्षक दलाच्या महासंचालकपदी बदली झाली. दुसऱ्या दिवशी ते पद त्यांनी नाकारलं. खर्गेंचं मत विरोधात होतं. अर्धाच भाग सांगणाऱ्याला कुठलंही पॅनेल पकडतं, आणि पकडावंच.

माझी सवय सांगतो. वहीचं पान आडवं धरा आणि गोष्ट शेवटाकडून लिहीत या. शेवटची तारीख आधी, मग तिच्या आधीची, मग त्याच्या आधीची. उलटं लिहिताना 'मग पुढे काय झालं' हा प्रश्न उरतच नाही. मुलं कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. पन्नास रुपयांच्या झेरॉक्स नोट्स पाठ करायला मात्र वेळ असतो.

कोण कोणाला काढू शकतो, हे न बघणं

'मुख्यमंत्र्यांनी त्या आयपीएस अधिकाऱ्याला बडतर्फ केलं' हे वाक्य दिसलं की पुढचं मी वाचत नाही. राज्य सरकार आयएएस-आयपीएस अधिकाऱ्याची बदली करू शकतं, निलंबित करू शकतं. बडतर्फी राज्याच्या हातात नाही, ती केंद्राकडे. राज्यघटनेचं कलम ३११ एकदा तरी मुळातून वाचा. म्हणून आपल्याकडचं खरं हत्यार बदली हे आहे: तिचा आवाज होत नाही, आणि फाइल पुढच्याच्या टेबलावर आपोआप थंडावते. अमेरिकेतला हकालपट्टीचा स्फोट आपल्याकडे का दिसत नाही, याचं निम्मं उत्तर इथे आहे. बदलीच्या विरोधात तारा कोण पाठवणार?

प्रत्येक बदलीला सूड म्हणणं

नाशिकच्या मुलांचं हे खास दुखणं. तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये महापालिका आयुक्त म्हणून आले, करवाढीवरून वादंग झालं, ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावापर्यंत मजल गेली, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून तो मागे घेतला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये बदली झाली. विषय कुठलाही असो, हे उदाहरण येतंच. अहो, पण ते कोणाची चौकशी करत होते? आयुक्त आणि नगरसेवकांचं भांडण हा वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा निबंध लिहा.

काढलेल्याला संत करणं

एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी यांना ट्रम्प यांनी ९ मे २०१७ ला काढलं तेव्हा ते लॉस एंजेलिसमध्ये एफबीआयच्याच कर्मचाऱ्यांसमोर बोलत होते; बातमी त्यांना टीव्हीच्या पडद्यावर दिसली. रातोरात ते डेमोक्रॅट मंडळींचे लाडके झाले. हीच मंडळी सहा महिने आधी, निवडणुकीच्या तोंडावर हिलरी क्लिंटन यांच्या ईमेलबाबत त्यांनी संसदेला पत्र धाडलं म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडत होती. गंमत म्हणजे काढण्याचं लेखी कारणही ईमेल प्रकरणाची हाताळणी हेच दिलं होतं. दोनच दिवसांनी ट्रम्प यांनीच मुलाखतीत सांगितलं, की निर्णय घेताना ती 'रशियाची भानगड', म्हणजे २०१६ च्या निवडणुकीतल्या रशियाच्या हस्तक्षेपाची एफबीआय करत असलेली चौकशी, आपल्या डोक्यात होती. १७ मे ला त्याच चौकशीसाठी विशेष अभियोक्ता म्हणून रॉबर्ट मुलर नेमले गेले. पडसाद उमटला तो इथे.

उरलेल्या, पटापट

निक्सनना महाभियोगाने हटवलं, असं लिहू नका. समितीने तीन आरोप मंजूर केले होते, सभागृहात मतदान होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला.

मुलर अहवालाने ट्रम्प यांना निर्दोष ठरवलं, असंही नाही. रशियाशी कट सिद्ध झाला नाही. न्यायात अडथळा आणल्याबाबत अहवालाने निष्कर्षच काढला नाही.

ट्रम्प यांच्यावरचा २०१९ चा महाभियोग कोमींमुळे झाला नाही. तो युक्रेनचा.

रिचर्डसन 'तत्त्वासाठी' गेले, एवढ्यावर भागवू नका. गंभीर गैरवर्तन नसेल तर कॉक्सना हात लावणार नाही, असा शब्द नियुक्तीच्या वेळी त्यांनी सिनेटला दिला होता. शब्द नोंदीत होता, म्हणून तो मोडणं अवघड गेलं.

आणि बोर्कना खलनायक करून सोडून देऊ नका. तेही राजीनामा देणार होते. खात्यात कोणीतरी उरायला हवं म्हणून राहा, असं त्यांना खुद्द रिचर्डसननी सांगितलं. तरी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा ती शनिवारची सही पुन्हा निघालीच. सिनेटने ५८ विरुद्ध ४२ ने नाव फेटाळलं. अर्थात ते केवळ त्या सहीमुळे, असं लिहिलंत तर पुन्हा पान आडवं धरावं लागेल.