बिल्डिंगखाली जमणाऱ्या पोरापोरींवर लक्ष ठेवा, पाळत नको

लक्ष ठेवणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं, आणि हा फरक १३-१४ वर्षांच्या मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. पडद्याआडून कोण बघतंय ते त्यांना पहिल्याच दिवशी समजतं. म्हणून पहिलं काम हे, की उघड बघा. गॅलरीत कपडे वाळत घाला, खाली जाऊन पाच मिनिटं बसा, नजरानजर झाली तर हसा आणि आपल्या कामाला लागा. अमेरिकी लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली शहरांबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं, की रस्ता सुरक्षित राहतो तो येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या आणि खिडकीत बसलेल्यांच्या सहज पडणाऱ्या नजरेमुळे, नुसत्या पोलिसांमुळे नाही.

दुसरं म्हणजे नावं माहीत करून घ्या. "ए, कोण रे तू, कुठल्या घरातला" असं विचारलं की पोरगं गप्प होतं, तेच नावाने हाक मारून "पायाची पट्टी निघाली का रे" विचारलं की थांबून दोन वाक्यं बोलतं आणि पुढच्या वेळी काही झालं तर तेच येऊन सांगतं, "काकू, जरा बघा ना इकडे."

आता बघायचं काय? मोठी माणसं नेहमी म्हणतात की ही मुलं काहीच करत नाहीत, नुसती उभी असतात. अहो पण उभं राहणं हेच त्यांचं करणं आहे. माझ्या गॅलरीतून एक मुलगा दिसायचा, रोज भिंतीवर बॉल मारत बसलेला, टप्पा, भिंत, हात, परत टप्पा, बाजूला मित्र बसलेला. मला टाइमपास वाटायचा. बरेच दिवस बघितल्यावर कळलं की मित्र बोलत असतो आणि हा ऐकत असतो, बॉलमुळे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून अवघड गोष्टसुद्धा बोलता येते. एका संध्याकाळी बॉल हातातच राहिला आणि याने दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी आत निघून गेले, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

धोक्याकडे मात्र कान टवकारून असा. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये एका ड्रायव्हिंगच्या व्हिडिओ गेमवर अभ्यास केला होता, त्यात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी एकटं असतानापेक्षा मित्र सोबत असताना बराच जास्त धोका पत्करला, मोठ्यांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणजे भिंतीवरून उडी मारणारा मुलगा मूर्ख नाहीये, त्याला चार जण बघतायत. "करून दाखव ना" ऐकू आलं की बाहेर या, पण चारचौघात ओरडू नका, त्याने तो आणखी वर चढेल. काहीतरी कामासाठी हाक मारा, म्हणजे त्याला मान न जाता खाली उतरता येतं. कोणी डोक्यावर पडलं तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी झाली, शुद्ध हरपली किंवा मूल असंबद्ध बोलायला लागलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आवाजापेक्षा बदल बघा. रोज येणारं कोणी अचानक यायचं बंद झालं, प्रत्येक चेष्टा एकाच पोरावर चालली आहे, किंवा वयाने बराच मोठा अनोळखी माणूस येऊन मुलांना वस्तू वाटतोय, तर हे सोडून देऊ नका. साधी गोष्ट असेल तर आधी त्या मुलाशीच बोला, बाजूला घेऊन पण सगळ्यांना दिसेल अशा जागी. धोक्याची असेल तर सरळ आईवडिलांना सांगा. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही, कधीच नाही.

आणि कोण दिसत नाही तेही बघा ना. लहानपणी धावणाऱ्या मुली वयात आल्या की हळूहळू खालून गायब होतात आणि आपण म्हणतो, त्यांना आवडत नसेल. त्यांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर साधं असतं, तिथे दिवा नाही, बसायला जागा नाही, कोणीतरी टक लावून बघतं. दिवा तर आपण लावू शकतो.

राहिला रात्रीचा गोंगाट. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास फक्त तरुण कानांना ऐकू येईल असा कर्कश आवाज सोडून मुलांना हुसकावणारं यंत्र निघालं, मला ते क्रूर वाटतं. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, त्यामुळे आपल्याला झोप येते तेव्हा ही मुलं ताजी असतात, पण ८ ते १० तास झोप त्यांनाही लागतेच. म्हणून आवरायची वेळ त्यांनाच ठरवू द्या आणि मग ती पाळायला लावा. आमच्या खालच्यांनी स्वतःच साडेनऊ ठरवली, पावणेदहा झाले की मी गॅलरीतला दिवा एकदा बंद-चालू करते आणि खालून आवाज येतो, "हो काकू, निघालो."