आयावास्का घेऊनही काहीच जाणवलं नाही? मग या चुका टाळा

पेरूत इकितोस किंवा पुकाल्पा शहराच्या आसपास आयावास्का या भास घडवणाऱ्या काढ्याचा रात्रीचा विधी आटोपतो. सकाळी सगळे गोल करून बसतात, आणि त्यात एखादा तरी खालमानेनं सांगतो, "मला काहीच झालं नाही." शेजारचा रात्रभर रडत होता, पलीकडच्या बाईंना वारलेली आई भेटली होती. याच्या वाट्याला आली ती मळमळ आणि अवघडलेली पाठ. साठवलेली रजा, बराचसा पैसा आणि बहुतेकदा एखादं जुनं दुखणं घेऊन माणूस इतक्या लांब आलेला असतो. त्यामुळे ही निराशा खरी असते, आणि तिच्या भरात पुढचे निर्णय चुकतात. काही न जाणवण्यात सहसा धोका नसतो. ते जाणवावं म्हणून नंतर जे केलं जातं, त्यात मात्र असतो, आणि कधी कधी तो जिवावर बेततो.

आधी या काढ्याचं काम कसं चालतं ते पाहू, म्हणजे चुका आपोआप कळतील. यात मुख्यतः दोन वनस्पती असतात. बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही जाड, पिळदार वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. पानांत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं. ते नुसतं पोटात गेलं तर काहीही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज, म्हणजे माओ हे एन्झाइम त्याचा तिथल्या तिथे फडशा पाडतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मलिन ही द्रव्यं या एन्झाइमला काही तास थोपवून धरतात. तेवढ्यात डीएमटी रक्तातून मेंदूत पोचतं आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या द्रव्याच्या ५-एचटी२ए या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ग्राहीवर, काम करतं. थोडक्यात, पानांत द्रव्य हवं, वेलीत जोर हवा, काढा पोटात पुरेसा टिकायला हवा आणि मेंदूतला रिसेप्टर मोकळा हवा. या चारांपैकी एक जरी जुळलं नाही, तरी रात्र कोरी जाते.

पहिल्या तासातच निकाल लावणं

परिणाम साधारण अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, दीड-दोन तासांच्या सुमारास शिगेला पोचतो आणि चारेक तासांत ओसरतो. हे सरासरीचं झालं. पोटात अन्न असेल तर उशीर होतो, आणि माणसामाणसात फरक असतोच. पण अंधारात बसलेल्या माणसाला तास फार मोठा वाटतो. शेजारी कोणी हुंदके देऊ लागलं की आपणच मागे राहिलो असं वाटतं. बऱ्याच विधींत तासाभरानं दुसरा पेला विचारला जातो आणि हात पुढे होतो. पहिला पेला उशिरानं चढायला लागला की दोन्ही एकदम अंगावर येतात. "काहीच होत नव्हतं आणि मग सहनच होईना" अशा हकिकतींमागे पुष्कळदा हेच असतं. पेला वाढवायचा की नाही हे तुलनेवरून ठरवू नका, आणि घाईत तर मुळीच नको.

या बाबतीत एक जुनी लेखी नोंद वाचण्यासारखी आहे. रिचर्ड स्प्रूस हा इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ नोव्हेंबर १८५२ मध्ये ब्राझीलच्या वाउपेस नदीवर होता. धबधब्याच्या वरच्या अंगाला एका मोठ्या सामाईक घरात दाबुकुरी नावाचा सण होता, त्याचं त्याला आमंत्रण आलं. कापी, म्हणजे याच वेलीचं पेय, स्वतःवर आजमावून पाहायचीच, असं ठरवून तो गेला. एक पेला, म्हणजे पुरत्या मात्रेच्या निम्मा, जेमतेम घशाखाली उतरतोय तोच यजमानानं मॅनिऑकच्या दारूचा भला मोठा भोपळा पुढे केला. नाही म्हणायची सोय नव्हती. मग दोन फूट लांब आणि मनगटाएवढा जाड चिरूट हातात आला. आयुष्यात कधी तंबाखू न ओढलेल्या माणसानं रीत म्हणून त्याचे झुरके घेतले. वरून ताडाच्या दारूचा मोठा पेला. स्प्रूसला जोराची मळमळ सुटली. झोपाळ्यात आडवं होऊन, कॉफी पिऊन त्यानं ती कशीबशी आवरली. कापीचा खरा अनुभव त्याला आलाच नाही. त्यानं गोळा केलेले वेलीचे तुकडे मात्र शंभरहून जास्त वर्षांनी प्रयोगशाळेत तपासले गेले, तेव्हाही त्यांत अल्कलॉइड, म्हणजे वेलीतली अंमल करणारी द्रव्यं, शाबूत होती. वेल खणखणीत होती, बाकीचं सगळं जुळलं नव्हतं. दारू आणि विधी यांची सरमिसळ आजही होते. ती टाळाच.

चालू गोळ्या लपवणं किंवा गुपचूप बंद करणं

या एका चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

नैराश्य, चिंता, झोपेची तक्रार यांसाठी गोळ्या घेणारी माणसंच बहुधा आयावास्काकडे ओढली जातात. त्यातल्या बऱ्याच गोळ्या याच रिसेप्टरच्या आसपास काम करतात. ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन ही औषधं ५-एचटी२ए अडवतात. अडवल्यावर काय होतं, हे बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. केटान्सेरिन हे याच रिसेप्टरला अडवणारं औषध आधी दिलं, तर आयावास्काची दृश्यं बरीच फिकी पडतात. म्हणजे अशी गोळी चालू असलेल्या माणसाची रात्र कोरी गेली, तर त्यात गूढ काही नाही.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्यांच्या गटाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. यांनी परिणाम बोथट वाटू शकतो, त्यामुळे माणूस दुसरा-तिसरा पेला मागतो. पण आत वेगळंच चाललेलं असतं. गोळीमुळे सेरोटोनिन पेशींबाहेर साठून राहिलेलं असतं आणि वेलीनं ते मोडणारं एन्झाइमही थोपवलेलं असतं. दोन्ही मिळून सेरोटोनिन सिंड्रोम होऊ शकतो. त्यात थरथर, स्नायूंचे झटके, घामाच्या धारा, वाढता ताप, धडधड आणि बरळणं अशी लक्षणं दिसतात. कॅलवे आणि ग्रोब या दोन संशोधकांनी १९९८ मध्येच या जोडीविरुद्ध लेखी इशारा दिला होता. शिवाय फ्लुऑक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन हार्मिन पचवणाऱ्या एन्झाइमलाही अडवतात, म्हणजे वेलीचा अंमल आणखी वाढतो. विधीत ही लक्षणं "शरीर शुद्ध होतंय" म्हणून दुर्लक्षिली जाण्याचा धोका मोठा असतो. ताप आणि ताठरलेलं अंग दिसलं की गाणी थांबवून गाडी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आधी गोळ्या बंद करतो. थांबा. फ्लुऑक्सेटिन आणि त्याचं शरीरात होणारं रूपांतर पूर्ण निघून जायला पाच आठवड्यांच्या आसपास लागतात. चार दिवस आधी पाकीट बाजूला ठेवून काहीही साधत नाही. इतर गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर, डोक्यात झटके, झोप उडणं हे तर होतंच, शिवाय मूळचं नैराश्य दुप्पट जोरानं परतू शकतं, तेही घरापासून हजारो किलोमीटरवर. गोळी कमी करायची का आणि कशी, हे फक्त ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. विधीतले कुरांदेरो, म्हणजे तिथले पारंपरिक वैद्य, झाडपाल्यात कितीही जाणते असले तरी तुमच्या औषधाचा निर्णय त्यांच्याकडे नको, आणि त्यांच्यापासून औषध लपवणं तर त्याहून नको.

प्रवासाच्या पाऊचमधल्या वस्तूही पाहा. खोकल्याच्या कित्येक सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, दुखण्याच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल. माओ थोपवलेला असताना ही दोन्ही धोक्याची. आपल्याकडे सिरप हे औषध धरतच नाहीत, म्हणून फॉर्मवर "चालू औषधे: काही नाही" असं लिहिलं जातं.

सगळे काढे सारखेच समजणं

आयावास्का कंपनीतून ठराविक मापानं भरून येत नाही. दोन घरच्या लोणच्यांत जितका फरक, तितका दोन काढ्यांत. २००५ मध्ये छापून आलेल्या एका विश्लेषणात चाक्रुनाच्या ३६ नमुन्यांतलं डीएमटी दर ग्रॅमला शून्यापासून १८ मिलिग्रॅमच्या जवळपास निघालं. म्हणजे झाड तेच, पण एखाद्या नमुन्यात द्रव्य जवळजवळ नाहीच. कोलंबियात चाक्रुनाऐवजी चालिपोंगाची पानं घालतात. काही जमाती नुसत्या वेलीचाच काढा करतात, त्या पेयाची जातच वेगळी. वाउपेसच्या तुकानो लोकांत वेल उकळत नाहीत, गार पाण्यात कुटून पितात.

म्हणून "मागच्या वर्षी दोन पेल्यांनी काही झालं नाही, यंदा तीन घेतो" हा हिशेब चुकीचा आहे. मागचा पेला आणि आताचा पेला यांचं नातं फक्त नावाचं. शिवाय काही ठिकाणी पाहुण्यांना "काहीतरी दिसावं" म्हणून काढ्यात तोएची पानं मिसळतात. तोए म्हणजे ब्रुगमॅन्सिया, आपल्या धोतऱ्याचा सख्खा भाऊबंद. धोतऱ्यानं माणूस कसा भ्रमिष्ट होतो हे गावाकडे कोणालाही विचारा. काढ्यात काय काय आहे हे आधी विचारायचं, आणि तोएचं नाव निघालं किंवा उत्तर टाळलं गेलं, तर पेला परत द्यायचा.

दोष स्वतःच्या मनाला देणं

"तुझं मन उघडलं नाही." "तू विरोध केलास." असं ऐकून माणसं खचून परत येतात. हा अन्याय आहे, आणि तो सरसकट केला जातो. हार्मिन पचवण्यात सीवायपी२डी६ या एन्झाइमचा मोठा वाटा असतो, आणि तो जन्मजात प्रत्येकाचा वेगळा असतो. ब्राझीलच्या उनियाओ दो वेजेताल या आयावास्का पिणाऱ्या धार्मिक पंथातल्या लोकांचं रक्त तपासून हार्मिन झपाट्यानं निपटणारे आणि सावकाश निपटणारे असे दोन गट दाखवून देण्यात आले आहेत. वेलीचा अंमल ज्याच्यात लवकर उतरतो, त्याचं डीएमटी वाटेतच मोडलं जात असेल तर श्रद्धा वाढवून ते थांबणार नाही. तसंच लवकर उलटी झाली तर बराचसा काढा बाहेर पडतो. उलटीला तिथे 'पुर्गा' म्हणून मान आहे, ती दाबून धरायची गरज नाही. पण अशा रात्री काही कमी जाणवलं, तर कारण समोरच्या बादलीत आहे.

स्वभावाचा थोडा भाग असतो. गाण्यात, विचारात सहज बुडून जाणाऱ्यांना अशा द्रव्यांचे परिणाम जास्त जाणवतात, असं सिलोसायबिन या काही अळंब्यांतल्या भास घडवणाऱ्या द्रव्यावरच्या अभ्यासांत आढळलं आहे. पण तो स्वभाव झाला, कसूर नव्हे. आणि "अंगाला सवय झाली" हे कारणही फारसं टिकत नाही. प्रयोगात चार तासांच्या अंतरानं दोन मात्रा दिल्या, तरी दुसऱ्या मात्रेचा अनुभव फिका पडला नाही. वर सांगितलेल्या पंथात तर लोक दर पंधरवड्याला हा काढा पितात, वर्षानुवर्षं.

फक्त दृश्यांची वाट पाहणं

साप, बिबटे, रंगांची नक्षी हे ऐकून गेलेला माणूस तेवढंच शोधतो. पेरूतल्या शिपिबो लोकांत परंपरेनं काढा बऱ्याचदा वैद्यच पितो. रोगी नुसता बसतो आणि ईकारो, म्हणजे वैद्याची गाणी, ऐकतो. रोग्याला काही दिसलंच पाहिजे, ही अपेक्षा मुख्यतः बाहेरून आलेल्या पाहुण्यांची.

याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्राझीलमधल्या नाताल शहरात नैराश्याच्या २९ रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अर्ध्यांना दिलेला खोटा काढा फार विचारपूर्वक बनवला होता. पाणी, यीस्ट, सायट्रिक ॲसिड, रंगासाठी कॅरामल, आणि मळमळावं म्हणून झिंक सल्फेट. आठवड्यानं खऱ्या काढ्याच्या गटात ६४ टक्क्यांना, तर खोट्या काढ्याच्या गटात २७ टक्क्यांना चांगला फरक जाणवला. युरोपात प्रत्यक्ष विधींत केलेल्या, २०२१ मध्ये आलेल्या छोट्या अभ्यासात तर दोन्ही गट सारखेच सुधारले. जागा, गाणी, सोबत आणि आशा यांचा वाटा मोठा आहे. म्हणून रात्र कशी गेली यापेक्षा पुढच्या महिन्यात झोप, चिडचिड, कामातलं लक्ष कसं आहे, तिकडे बघा. त्यातही फरक नसेल तर नाही, असं म्हणायला संकोच नको.

घरी येऊन कसर भरून काढणं

परतल्यावर काहीजण स्वतःच प्रयोग करायला बघतात. पेरूनं आयावास्काला २००८ मध्ये राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, ब्राझीलमध्ये धार्मिक वापराला मुभा आहे. भारतात मात्र डीएमटी १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. बाटली बॅगेत घालून आणणं हा सरळ गुन्हा आहे. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पंथांना दिलेली सूट नाकारली. धुपासाठी मिळणाऱ्या हरमलच्या बियांत हार्मिन, हार्मलिनच असतात. म्हणूनच त्या पोटात घेणं आणि वर चालू गोळ्या असणं, ही वर सांगितलेलीच घातक जोडी. तीही डॉक्टर, सोबती, वैद्य कोणी जवळ नसताना.

नैराश्यावरचा शेवटचा उपाय म्हणून जे गेले होते आणि रिकाम्या हातानं आले, त्यांची मला सगळ्यात काळजी वाटते. "जगाला लागू पडलं, मलाच नाही" हा विचार फार आत रुततो. परतल्यावर आठवड्याभरात आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि काय घेतलं, कधी घेतलं, कोणती गोळी किती दिवस सोडली होती, हे सगळं सांगा. उपचार आखायला त्यांना ही माहिती लागते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.