इंदूर: फ्री डिशला सिग्नल भरपूर, पण सगळे चॅनल लॉक

लक्षण: पैशाचं कनेक्शन बंद केलं, त्याच छत्रीला फ्री-टू-एअर बॉक्स जोडला. ब्लाइंड स्कॅनमध्ये (बॉक्स स्वतःच सगळे चॅनल शोधतो तो शोध) क्वालिटी ६५ टक्के, दीडशेवर नावं, प्रत्येकावर ‘स्क्रॅम्बल्ड’, म्हणजे कुलूपबंद.

एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा भाग) बदलली, केबलची दोन्ही टोकं नव्याने कापली, बॉक्स रीसेट केला. फरक शून्य. दोन रविवार वाया गेले.

दोष दिशेत होता. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. शेजारीच ९५ अंशांवर पैशाच्या सेवेचा उपग्रह. छत्री तिथे अडकली की सिग्नल दणदणीत येतो आणि माणूस फसतो.

आधी बॉक्समध्ये एलएनबी ०९७५०/१०६००, डायसेक (एकापेक्षा जास्त एलएनबींमधून निवडण्याची सोय) बंद, ट्रान्सपॉन्डर (उपग्रहाची फ्रिक्वेन्सी) ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरा. इंदूरहून ९३.५ ची दिशा उत्तरेपासून १४०.५ अंश, म्हणजे आग्नेयेच्या जरा दक्षिणेला, क्षितिजापासून उंची सुमारे ५७ अंश. ९५ साठी १३८ आणि ५६. म्हणून खांबाचे नट अर्धा फेरा सैल करून छत्री दक्षिणेकडे अडीच अंश सरकवा, तोंड एक अंश वर करा. होकायंत्र लोखंडी खांबापासून दोन हात लांब धरा, नाहीतर चुकीचं दाखवेल.

प्रत्येक हालचालीनंतर चार-पाच सेकंद थांबा, बॉक्सला लॉक व्हायला तेवढा वेळ लागतो. मग एलएनबी दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवून क्वालिटी जिथे सर्वांत जास्त तिथे थांबा, नट आळीपाळीने आवळा. जुनी यादी पुसून पुन्हा स्कॅन करा. डीडी सह्याद्री उघडलं की दिशा बरोबर.