आधी चेहरा, मग गोष्ट

दोन-अडीच वर्षांच्या लेकराला चित्रांचं पुस्तक दाखवताना मजकूर वाचायची घाई करू नका. आधी चित्रातल्या चेहऱ्यावर बोट ठेवा. "बघ, भुवया कशा झाल्यात? ओठ कसा काढलाय?" मग त्या भावनेला नाव द्या. 'दुःखी' हा एकच शब्द सगळीकडे कशाला? रुसली, फुगली, हिरमुसली, भेदरली... किती नेमके शब्द आहेत आपल्याकडे! आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा. एका वेळी एकच शब्द घ्या, पुढचे काही दिवस तोच.

मग तो मुलाच्या अनुभवाला जोडा. "यवतेश्वरच्या घाटात माकड जवळ आलं, तेव्हा तूही असाच भेदरला होतास ना?" मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो.

रडारड चालू असताना मात्र पुस्तक काढू नका. तेव्हा फक्त मांडीवर घ्या. तेच पुस्तक पुन्हापुन्हा मागितलं, तर कंटाळा न करता वाचा.

साताऱ्याकडच्यांनी मुलांना घेऊन पाचगणीजवळच्या भिलारला जावं. २०१७पासून पुस्तकांचं गाव झालेल्या या गावात बालसाहित्यही आहे. तिथे पुस्तक मुलालाच निवडू द्या.