उघडणारा पादचारी-सायकल पूल: पहिलं डिझाइन करण्याआधी

प्रोजेक्टला उघडणारा पूल (बोटी जाण्यासाठी उचलता येणारा) घेतला की बहुतेक जण आधी आकार काढतात. सुरुवात वजनापासून करा. इंग्लंडमध्ये गेट्सहेडला २००१ साली खुला झालेला मिलेनियम ब्रिज सुमारे ८५० टनांचा आहे. तो ४० अंश कलतो, तेही साडेचार मिनिटांत, कारण त्याची कमान आणि चालायची वाट एकमेकींना तोलतात.

शिकण्यासाठी मात्र एका टोकाला बिजागरी असलेला साधा बॅस्क्यूल पूल बरा. समजा लांबी २० मीटर, रुंदी ३ मीटर, वजन चौरस मीटरला ३०० किलो. एकूण १८ टन झाले; गुरुत्वमध्य बिजागरीपासून १० मीटरवर, म्हणजे मोमेंट (फिरवणारा जोर: वजन गुणिले अंतर) १८० टन-मीटर. बिजागरीच्या मागे ४ मीटरवर काउंटरवेट (तोलाचं वजन) ठेवलं तर ते ४५ टनांचं लागेल. बरेच जण इथेच थांबतात. पण उभा केलेला पूल म्हणजे ६० चौरस मीटरचं शीड! वाऱ्याचा दाब चौरस मीटरला फक्त ५० किलो धरला तरी ३० टन-मीटर येतात. तोललेल्या पुलाचे सिलिंडर (पूल उचलणारे तेलाच्या दाबावरचे दट्टे) आणि पंप या वाऱ्यावरच ठरतात.

तोल बिघडतोही सहज. घसरू नये म्हणून नंतर चौरस मीटरला ३० किलोचा थर टाकला, तर १८ टन-मीटर वाढले. त्यामुळे काउंटरवेटमध्ये वजन कमी-जास्त करायला कप्पे ठेवा. टोकाची बाजू किंचित जड असू द्या, म्हणजे बंद पूल बेअरिंगवर (टोकाखालच्या आधारावर) नीट टेकून बसतो.

बंद पुलावर गर्दी चौरस मीटरला ५०० किलो धरली तर ३० टन, म्हणजे पुलाच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. हा भार बेअरिंगवर गेला पाहिजे, सिलिंडरवर नाही. उभ्या कंपनाची वारंवारता ५ हर्ट्झखाली किंवा आडव्याची २.५ हर्ट्झखाली आली, तर चालण्याच्या कंपनांची वेगळी तपासणी करा.

सर्वांत जास्त विसरलं जातं ते ऊन. ४० अंशांच्या फरकाने २० मीटर पोलाद सुमारे १० मिलिमीटर वाढतं. वरची बाजू जास्त तापली की पूल वाकतो आणि बंद पूल अडकवून ठेवणारी लॉक पिन भोकात बसत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये उन्हाळ्यात यासाठी पुलांवर पाणी मारावं लागतं. या वाढीसाठी पुलाच्या टोकाला ठेवलेली फट मोठी असली तर सायकलला हादरा बसतो. ती चाकाच्या दिशेला काटकोनातच हवी, तिरकी फट अरुंद टायर पकडते.

इंटरलॉकचा (आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची होऊ न देणारी व्यवस्था) क्रम असा: घंटा, फाटक बंद, पूल रिकामा असल्याची खात्री, लॉक पिन मागे, मग उचल. वीज गेली तर हातपंपाने पूल खाली आणता आला पाहिजे.