ऑफिसातल्या प्राइडसाठी फोटो बूथ: फोटो ज्याचा त्याच्याच हातात

प्राइड म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा माणसांच्या अभिमानाचा सोहळा. ऑफिसात त्यासाठी फोटो बूथ उभा करणं अवघड नाही. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: काढलेला फोटो जाणार कुठे? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध ३७७ कलमाच्या गुन्ह्यातून बाहेर काढले, पण ऑफिसात मोकळेपणाने वावरणाऱ्या कितीतरी जणांनी घरी अजून काहीच सांगितलेलं नसतं. त्यांचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत गावाकडच्या मामांपर्यंत पोहोचायला एक दुपार पुरते. म्हणून नियम एकच ठेवा: छापील फोटो हातात द्यायचा, मशीनवर काही उरू द्यायचं नाही.

बूथवाल्याशी बोलताना हे तोंडी सांगून भागत नाही, वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या. अनेकांच्या सॉफ्टवेअरमध्ये क्यूआर कोड सुरूच असतो, आणि तो स्कॅन केला की सगळ्यांचे फोटो असलेली एकच गॅलरी उघडते. ती बंद करायला सांगा. बूथवाल्याने आपल्या जाहिरातीसाठी एकही फोटो वापरायचा नाही, हेही लिहा. कंपनीच्या एचआरला किंवा मार्केटिंगला लिंक्डइनसाठी फोटो हवे असतील, तर त्यासाठी वेगळी वेळ आणि वेगळा कॅमेरा ठेवा आणि प्रत्येकाची लेखी संमती घ्या. दोन्ही कामं एका रांगेत केली, की ज्यांना नको आहे तेच गप्प राहून फोटोत उभे राहतात.

जागा निवडताना लॉबी आणि कँटीनचं तोंड टाळा. येणारेजाणारे फोटोत येतात आणि रांगेत कोण उभं आहे ते सगळ्या मजल्याला दिसतं. काचेची मीटिंग रूम असेल तर काचेवर कागद लावा. १५ फूट लांब आणि १० फूट रुंद जागा पुरते. तिथे पायऱ्या किंवा अरुंद दार नको, व्हीलचेअर सहज आत आली पाहिजे.

पडदा ८ × ८ फुटांचा, मॅट कापडावर छापलेला घ्या. फ्लेक्सवर दिवा चमकतो आणि नेमका डोक्यामागे पांढरा डाग येतो. छपाईला देताना रंग मोजून सांगा, कारण इथे हमखास चूक होते. शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ सात रंगांचं, प्राइडचा झेंडा सहा पट्ट्यांचा: वरून तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. पारवा त्यात नाही. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांनी केलेल्या पहिल्या झेंड्यावर आठ पट्टे होते, पुढच्या वर्षापर्यंत त्यांचे सहा झाले. ट्रान्स झेंड्याचे पाच पट्टे फिकट निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिकट निळा असे येतात, तो कसाही धरला तरी सुलटाच असतो.

माणसं पडद्यापासून ३ फूट पुढे उभी करा, नाहीतर पडद्यावर सावल्या आणि गालांवर पडद्याच्या रंगाची झाक येते. एपीएस-सी सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ३५ मिमी लेन्स लावा आणि तो माणसांपासून अडीच मीटरवर, साडेचार फूट उंचीवर ठेवा. १८ मिमी लेन्सने कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. पाच-सहा जण आले तर कॅमेरा मागे नेऊ नका, पडद्याच्या कडा दिसू लागतात. दोन-तीन जणांना खुर्चीवर बसवा, बाकीचे मागे उभे, आणि दोन्ही रांगा स्पष्ट याव्यात म्हणून अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८. एरवी एफ/५.६ पुरतं. शटर १/१०० सेकंदावर ठेवा: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची आहे, छतावरचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, वेगवान शटरला फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. रंगीत पडद्यापुढे तो दर फोटोला वेगळा कौल देतो. ५५०० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे, दोन सॉफ्ट दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावा, छतावरचे शक्यतो बंद ठेवा आणि पांढऱ्या कागदावर एकदाच बॅलन्स पक्का करा.

आता प्रिंटर. एका गटाला दीड मिनिट धरलं तर तीन तासांत १२० गट होतात. ६ × ४ इंचांच्या एका कागदाच्या दोन पट्ट्या निघतात. तिघांच्या गटाला दोन कागद, म्हणजे २४०. डीएनपीच्या आरएक्स१ सारख्या मशीनचा एक रोल ७०० फोटोंचा असतो, तेव्हा कागद संपायची भीती नाही. कॅननच्या सेल्फी सीपी१५०० या छोट्या प्रिंटरला एका फोटोला सुमारे ४१ सेकंद लागतात आणि ट्रेमध्ये १८च कागद बसतात. पन्नासेक माणसांच्या कार्यक्रमाला तो चालेल, त्यापुढे रांग थांबते. शिवाय छापताना कागद चार वेळा आतबाहेर करतो आणि मागच्या फटीतून बाहेर डोकावतो. प्रिंटर भिंतीला टेकवला असेल तर तो तिथेच अडकतो. मागे वीतभर मोकळी जागा सोडा. पावसाळ्याच्या दमटपणात कागद एकमेकांना चिकटतात, म्हणून पाकीट कार्यक्रमाआधी एसीतच फोडा. प्रिंटरचा सॉकेट चहाच्या मशीनपासून वेगळा घ्या. दोन्ही एकाच लाइनवर असले की एमसीबी पडतो आणि अर्धवट छापलेला फोटो वाया जातो.

बूथच्या तोंडाशी एक टोपली ठेवा: ‘आयकार्ड इथे’. गळ्यातल्या कार्डावरचं नाव आणि कंपनीचा लोगो छापील फोटोत स्वच्छ वाचता येतो.

हातात धरायच्या वस्तूंमध्ये खोट्या मिशा, विग आणि पुरुषांनी गंमत म्हणून नेसायची साडी अजिबात नको. ज्या सहकाऱ्याचं अख्खं जगणं त्या कपड्यांशी जोडलेलं आहे, तिच्यासमोर त्या जगण्याची थट्टा होते. रंगीत फेटे, ओढण्या आणि छोटे झेंडे ठेवा. सगळ्यांत जास्त उचलली जाते ती खडूची पाटी. दोन-तीन पाट्यांवर ‘जशी आहे तशी’, ‘जसा आहे तसा’ लिहून ठेवा, बाकीच्या कोऱ्या असू द्या. कुणालाही ‘तुम्ही कोण?’ असं विचारू नका. पाठिंब्याला आलेले आणि समलिंगी-ट्रान्सजेंडर समाजातले, सगळे एकाच रांगेत.

शेवटचा फोटो झाला की बूथवाल्याने सामान गुंडाळण्याआधी मेमरी कार्ड तुमच्यासमोर फॉरमॅट करावं, लॅपटॉपमधलं फोल्डर आणि रिसायकल बिनही रिकामं करावं. मग प्रिंटर उघडून वापरलेली रिबन (रंग कागदावर उतरवणारी फिल्म) बाहेर काढा. ती उजेडासमोर धरून पाहा: पिवळ्या, गुलाबी, निळ्या पट्ट्यांवर दिवसभरातला प्रत्येक चेहरा उलट्या छटेत, ओळखू येईल इतका स्पष्ट उमटलेला असतो. ती तशीच कचऱ्यात टाकू नका. कात्रीने बारीक तुकडे करा.