मक्याचा भूलभुलैया उघडण्याआधी

मक्याचा भूलभुलैया म्हणजे उभ्या मक्याच्या शेतात पाडलेल्या वळणावळणाच्या वाटा, पाहुण्यांनी त्यांतून बाहेरचा रस्ता शोधायचा. पेरणीची तारीख ठरवताना कॅलेंडर मागून पुढे वाचा. पाहुणे येतील तेव्हा मका डोक्याच्या वर गेलेला हवा आणि तरीही हिरवा हवा. पेरल्यापासून तुरा निघेपर्यंत साधारण दोन ते अडीच महिने जातात आणि कणसं पिकली की पानं वाळायला लागतात. म्हणून धान्यासाठी पेरता त्यापेक्षा पेरा थोडा उशिरा ठेवा. वाण उंच, जाड बुंध्याचं, वाऱ्यात न लोळणारं घ्या. स्वीटकॉर्न नको, त्याची ताटं बहुधा ठेंगणी राहतात. पेरणी उभी आणि आडवी अशी दोन्ही दिशांनी करा. एकाच दिशेच्या ओळी असल्या की पलीकडची वाट दिसते, आणि वाट दिसली की मुलं सरळ पीक तुडवत तिकडे जातात.

नकाशा पेरणीच्या आधीच चौकटीच्या कागदावर काढून ठेवा. पीक उगवल्यावर त्याच मापाने शेतात खुंट्या ठोका. जीपीएस असेल तर उत्तम, पण सुतळी आणि टेपनेही नेटकं काम होतं. एक हात सतत भिंतीला लावून चालणारा माणूस बाहेर पडतोच, हे लक्षात ठेवा. त्याला चकवायचं असेल तर मधे बाकीच्या भिंतींना न जोडलेले तुकडे ठेवा आणि काहीतरी शोधायची जागा तिथेच करा.

वाटा पाडायचं काम मात्र लांबणीवर टाकू नका, माझ्या मते सगळा भूलभुलैया इथेच बनतो किंवा बिघडतो. पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढता कोंब जमिनीखालीच असतो. त्या वयात नुसतं वरून छाटलं तर तो पुन्हा फुटतो. म्हणून रोटाव्हेटर (ट्रॅक्टरला जोडायचं माती उकरणारं यंत्र) उथळ फिरवून रोपं मुळासकट काढा. गुडघाभर मक्यात चूक लगेच दिसते आणि नांग्याही (रोपं नसलेल्या रिकाम्या जागा) भरता येतात. पुरुषभर मक्यात यातलं काहीच जमत नाही. वाट दोन मीटरच्या आसपास ठेवा, म्हणजे बाबागाडी आणि व्हीलचेअर जाते. पावसात चिखल होईल तिथे भुसा किंवा लाकडाचा चुरा पसरा.

आता माणसांची तयारी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲनव्हिल इथे 1993 साली डायनासोरच्या आकाराचा भूलभुलैया झाला आणि आजच्या मक्याच्या भूलभुलैयांची सुरुवात तिथून मानतात. कॅलिफोर्नियातल्या डिक्सनच्या 60 एकरांच्या भूलभुलैयाची 2014 साली गिनीजमध्ये नोंद झाली. पण घाबरायला 60 एकर लागत नाहीत. 2011 साली मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स इथे एका कुटुंबाने तान्ह्या बाळासह अंधारात अडकून पोलिसांना फोन केला. बाहेर पडायची जागा अगदी जवळ होती, पण मक्याच्या भिंतीआड ती दिसणार कशी? म्हणून प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी लावा आणि तिच्यावर मदतीचा फोन नंबर लिहा. फोन आला की नुसता क्रमांक विचारून नेमकं तिथे पोचता आलं पाहिजे. मधे एक उंच मचाण, त्यावर शिट्टी घेतलेला माणूस. मधूनच बाहेर काढणाऱ्या दोन-तीन आडवाटा, ज्या फक्त तुमच्या माणसांना ठाऊक. लहान मुलांसाठी वेगळा, छोटा भूलभुलैया करा.

आगीला हलक्यात घेऊ नका. वाळत आलेली पानं झटकन पेट घेतात. काडेपेटी, सिगारेट, कंदील यांतलं काहीही आत नको. रात्रीसाठी फक्त टॉर्च. पाण्याची टाकी आणि पाइप कडेला भरून तयार असू द्या. विमा काढा, स्वच्छतागृहं, हात धुवायला पाणी आणि गाड्यांना जागा बघा. पानांच्या कडा कातडीला चरे पाडतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बंद बूट घालून यायला आधीच कळवा.

उघडण्याच्या आदल्या दिवशी नकाशा न पाहिलेल्या माणसाला लहान मुलासोबत आत पाठवा. ती दोघं जिथे फार वेळ थांबली, तिथे खुणेची पाटी वाढवा. रोज संध्याकाळी दोघांनी सगळ्या वाटा पायी फिरून याव्यात. आत गेलेले आणि बाहेर आलेले यांचा आकडा जुळला, की मगच फाटकाला कुलूप.